ऋणनिर्देश : दुसरं प्रूफ

डंडीत नोव्हेंबरमध्ये साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या प्रबंधाची दोनशे चौदा पानं,
विषय : खाऱ्या हवेत पुलाचं लोखंड कसं गंजतं.
बाबा पलीकडच्या खुर्चीत,
एक शिसपेन्सिल हातात, दुसरी कानामागे.
पानांचं तोंड माझ्याकडे. त्यांना चालतं.
मिरजेच्या छापखान्यात बावीस वर्षं खिळे जुळवले,
उलटं अक्षर त्यांना सुलटंच दिसतं.

गंजाचं रसायन त्यांना कळत नाही,
पण संदर्भसूचीतला हरवलेला स्वल्पविराम
तांदळातल्या खड्यासारखा दाताखाली येतो.
आतापर्यंत एकशे सदुसष्ट.

शाळेच्या पालकसभेत मिस रॅटरे समोर फाईल उघडायच्या,
आणि त्या घसा खाकरेपर्यंत
बाबा टेबलापलीकडून सगळं वाचून मोकळे :
गणितात बरी. वर्गात बोलत नाही. घरी इंग्रजी कमी?
मग कारखान्याच्या रात्रपाळीआधी रोज अर्धा तास
आम्ही दोघं इंग्रजी बोलायचो,
दोघंही चुकत, कुणी कुणाला न सुधारता.
पहाटे ते परतायचे, जाकिटाला यीस्टचा वास,
काखेत यंत्रातून वाकडा निघालेला पाव, कामगारांना फुकट.
मी त्या पावावर वाढले.
त्याची एकही चकती टोस्टरमध्ये सरळ उभी राहिली नाही.

आई आमच्याआधी आली होती, एकटी,
केअर होममध्ये नर्स म्हणून.
दीड वर्ष. फोनकार्डावरची मिनिटं संपेपर्यंत
मी तिला फक्त काय जेवले ते सांगायचे.
विजेच्या मीटरची किल्ली तिच्या गळ्यात, क्रुसाशेजारी.
कोपऱ्यावरच्या दुकानात दहा पौंड भरून आणायचे,
ते संपले की मीटरच पाच पौंड उसने द्यायचा,
त्याला इमर्जन्सी क्रेडिट म्हणतात.
माझ्या परीक्षेत हीटर माझ्या खोलीत असायचा,
आणि ती कोट घालून कांदा चिरत सांगायची,
"मला मेलं उकडतंय."

आता शेवटचं पान.
मार्गदर्शकांचे आभार, निधी देणाऱ्या संस्थेचे,
प्रयोगशाळेतल्या कॅलमचे, ज्याने माझे नमुने
तीनदा कचऱ्याच्या डब्यातून परत काढले,
आणि तळाशी, मी चार रात्री घासून लिहिलेली ओळ :
आईवडिलांच्या सॅक्रिफाइसबद्दल.

बाबांची पेन्सिल थबकली.
त्या शब्दावर आडवी रेघ. समासात शेपटीवाली खूण : काढा.
शेजारी बारीक, टाइपासारख्या अक्षरात : ओव्हरटाइम.
"पगार मिळत होता ना बाळा. दीडपट."
मग आमच्या आडनावापर्यंत आले
आणि दोन्ही नावंही खोडली.
"घरचीच माणसं. शाई कशाला."

आई ड्यूटीवरून आली, ओले बूट दारातच.
पान उचलून हाताच्या अंतरावर धरलं.
एवढ्या संसारात ती छापखान्याची एकच खूण शिकली आहे :
खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली, तर शब्द राहतो.
तिने बाबांच्या कानामागची पेन्सिल ओढून घेतली
आणि स्वतःच्या नावाखाली, मीठ टाकावं तशी, टिंबं टाकली.
"माझं राहू दे. दीड वर्षाचा एकेक दिवस मोजलाय मी.
ह्यांचं ह्यांना ठरवू दे.
आणि तबिथाच्या स्पेलिंगात एच असतो. डॉक्टर होतेस ना?"

बाबा काही बोलले नाहीत.
डबा घेतला, टोपी घेतली, बस गाठायला गेले.
मी एच घातला. वरणभात खाल्ला. झोपले.

सकाळी पान तिथेच होतं, वर पावाचे कण.
शमुवेल ह्या नावालाही आता टिंबं होती,
फिकट, पेन्सिल जेमतेम टेकलेली.
पण नावाच्या खाली नाही, डोक्यावर,
ओळीने अनुस्वार द्यावेत तशी :
टेबलाच्या पलीकडून, आपल्या खुर्चीत बसून दिलेली.
बावीस वर्षांत त्यांची खूण कधी चुकली नसेल.